पाणी पोचलं का?

अक्का गेल्याचा निरोप आला तेव्हा मी कोल्हारला मुलाच्या घरी अंगणात तुरीची डाळ वाळत घालत होते. नगरचा फोन शेजारच्या दुकानात आला होता आणि सांगायला दुकानदार स्वतः आला. एरवी तो रस्त्यावरूनच हाक मारतो. त्या दिवशी चपला फाटकाशी काढून आत आला, तेव्हाच मला कळलं. खरं सांगायचं तर आधी दुःख झालंच नाही. भीती वाटली. अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. त्याच्या दीड महिना आधी मी त्यांना भेटून आले होते, आणि त्यांनी माझ्याकडून एक गोष्ट कबूल करून घेतली होती. माझी मुलगी विमल त्यांना मोठी आई म्हणत वाढली. त्या मोठ्या आईची स्वतःची मुलगी कशी गेली आणि त्यात आम्हा मायलेकींचा काय वाटा होता, हे मी विमलला सांगायचं. अक्का असेपर्यंत नाही, मागनं. चाळीस वर्षांहून जास्त काळ जे मी गिळून बसले होते ते आता ओठांवर आणायचं होतं, आणि डाळ तशीच टाकून मी नगरच्या गाडीत बसले.

आमचं सासर नगरात, कापड बाजाराच्या मागच्या गल्लीत. दोघे भाऊ शिंपी. युद्धाच्या काळात लष्कराचे खाकी कपडे शिवायचं काम मिळालं होतं, त्यामुळे घरात पुढच्या खोलीत सकाळपासून मशिनींचा खडखडाट आणि सगळ्या घरभर खाकी दोऱ्यांचे तुकडे. भातात निघायचे. अक्का बेलापूरच्या, उंच, झपझप चालणाऱ्या आणि बोलायला महाग. मी तिसगावच्या शेतकऱ्याची पोर, तोंडाची टकळी अखंड चालू. "हिच्या तोंडाला पायडल लागत न्हाई," असं अक्का मशिनीकडे बघत म्हणायच्या आणि तेवढ्यावरच त्यांचं दिवसभराचं बोलणं संपायचं. त्यांची कुसुम तेव्हा सहा वर्षांची. तिला मी लग्नात पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिनं माझ्या पदराला धरून विचारलं होतं, तू किती दिवस राहणार आहेस? मी म्हटलं, कायमची. तर म्हणाली, मग ठीक आहे.

विमल माझ्या माहेरी तिसगावात झाली. ती पाच महिन्यांची झाल्यावर वडील मला नगरला पोचवायला निघाले. ते दिवस युद्धाचे, नगरच्या किल्ल्यात देशातले मोठे पुढारी कैदेत, रॉकेल-साखर रेशनवर, आणि मोटारसुद्धा पेट्रोलऐवजी कोळशावर चालायची. घाट आला की माणसं उतरून ढकलायची. आमच्याकडची रीत अशी, की लेकीचं पहिलं मूल सासरच्या घराचा उंबरा ओलांडायच्या आधी तिथल्या देवीच्या पायावर घालायचं. म्हणून माळीवाड्याला मोटारीतून उतरल्यावर आम्ही घरी गेलोच नाही, थेट बाजारातल्या देवीच्या देवळाकडे निघालो. हे देऊळ म्हणजे दोन दुकानांच्या मध्ये सापडलेलं. एका अंगाला कापडाची पेढी, दुसऱ्या अंगाला तांबटाची ठोकठोक, समोर मनियार चाचांचं बांगड्यांचं दुकान. तीन पायऱ्या, मग वाकून जायचं दार, आणि आत शेंदूर चढवलेली, चांदीच्या डोळ्यांची देवी. बाजाराचा दिवस होता. टांगे, हमाल, घासाघीस करणाऱ्या बाया... आणि त्या सगळ्या कलकलाटात मला दिसलं की देवळाच्या पायऱ्या ओल्या आहेत. वरपासून खालपर्यंत पाण्याचा ओघळ थेट गटारात चालला होता. मला ते वेळीच कळायला हवं होतं. पण कडेवर पोर, डोक्यात तिचं कौतुक, आणि पायांत पहाटेपासूनच्या प्रवासाचा शीण. कळलं नाही.

ज्या घरात देवी यायच्या, म्हणजे अंगावर फोड उठवणारा तो आजार, त्या घरातली बाई नऊ दिवस मुकं पाणी घालायची. आजच्या मुलींना हे ठाऊक नसेल म्हणून सांगते. सकाळी आंघोळ करून ओलेत्यानं तांब्या भरून निघायचं, देवीवर पाणी घालायचं, तळाशी थोडं राखून ते परत आणायचं आणि आजारी लेकरावर शिंपडायचं. घरातून निघाल्यापासून परत दारात येईपर्यंत एक अक्षर बोलायचं नाही. दारात घरची कुणीतरी उभी राहून विचारणार, "पाणी पोचलं का?" आणि बाईनं "पोचलं" म्हटलं की मौन सुटलं. मध्ये बोललं तर ते पाणी देवीला पोचत नाही, नऊ दिवस मोडले, आणि पुन्हा सुरू करता येत नाहीत. तिसगावातही हीच रीत होती. बाजारातली माणसंसुद्धा ओलेती, मुकी बाई दिसली की बाजूला व्हायची. टांगेवाला घोडा आवरायचा. मनियार चाचा दुकानातून ओरडून गिऱ्हाइकांना वाट द्यायला सांगायचे.

पायऱ्या चढून मी आत वाकले. गाभाऱ्यात लिंबाच्या पाल्याचा वास, आणि देवीच्या पायाशी पाण्याचं थारोळं. विमलला मी दुपट्यातून मोकळं केलं. तेवढ्यात शेजारी कुणीतरी उभं असल्याची जाणीव झाली आणि वर पाहिलं तर अक्का. ओलं लुगडं अंगाला चिकटलेलं, केस मोकळे, हातात तांब्या. मला इतका आनंद झाला, की मी मोठ्यानं म्हटलं, अक्का, बघा तरी तुमची पुतणी कशी आहे. त्यांनी मान हलवली, नाही नाही अशी. मला वाटलं, काही नवस-उपवास असेल, बोलत नाहीत. मी हसले आणि विमलला देवीच्या पायावर ठेवायला खाली वाकले. त्यांना मला धरता आलं असतं, पोर हिसकावून घेता आली असती. पण त्या माझ्यापासून दोन पावलं मागे सरकल्या. हे मागे सरकणं मला फार उशिरा समजलं. कुसुमच्या अंगाला लागलेले ते हात त्यांना माझ्या पोरीला लावायचे नव्हते. हात लावता येत नव्हता, आणि तोंड उघडता येत नव्हतं. विमलची टाच त्या पाण्याला लागणार एवढ्यात अक्का बोलल्या.

"खाली ठिवू नगंस. कुसूला देवी आल्यात. जा माघारी."

एवढंच. आवाज चढवलेला नव्हता. मी पोरीला छातीशी धरून जी उठले ती चौकटीवर डोकं आपटून बाहेर आले. त्या माझ्या मागून बाहेर पडल्या आणि आमच्याकडे न बघता चालू लागल्या, नेहमीसारख्या झपझप. बाजार त्यांना वाट देत होता. त्यांचं मौन मोडलंय हे त्या गर्दीत माझ्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. वडिलांना मी काही सांगितलं नाही, नुसती त्यांचा हात धरून अक्कांच्या मागे गल्लीच्या तोंडापर्यंत गेले. आमच्या दाराला लिंबाचे डहाळे बांधले होते. सासूबाई उंबऱ्यात उभ्या होत्या. तो पाचवा दिवस होता, हे मला नंतर कळलं. सासूबाईंनी विचारलं, "पाणी पोचलं का?" अक्का म्हणाल्या, "पोचलं." सासूबाईंनी मान वर केली तेव्हा लांब उभ्या असलेल्या आम्हाला पाहिलं आणि दोन्ही हातांनी खूण केली, जा, जा. आम्ही आल्या पावली तिसगावला परतलो.

नऊ दिवसांनी कार्ड आलं. एक कोपरा फाडलेला होता, त्यामुळे वाचायच्या आधीच आईनं ते माझ्या हातातून घेतलं. कुसुम गेली होती. कार्ड वाचून बाहेरच फाडून टाकायचं असतं तसं वडिलांनी ते टाकलं, आणि मी विमलला पदराखाली घेऊन आतल्या खोलीत जाऊन बसले. काय काय मनात आलं ते सगळं लिहिता येणार नाही. एक मात्र सारखं येत राहिलं, की पोर माझी वाचली आणि त्यांची गेली, आणि हे आम्ही दोघीच जाणतो.

तीन महिन्यांनी मी नगरला आले तेव्हा भीतीनं अर्धी झाले होते. अक्का मला काय म्हणतील? त्या काहीच म्हणाल्या नाहीत. विमलला घेतलं, तिचे तळपाय बघितले आणि परत दिली. त्या संध्याकाळी भेटायला आलेल्या बायकांसमोर सासूबाई म्हणाल्या, नऊ दिवस पाणी पोचलं, एक दिवस चुकला नाही, तरी नेलीच बाईनं. अक्का चुलीपुढे भाकरी थापत होत्या. हात थांबला नाही. मी दाराशी बसले होते. त्या वेळी मी तोंड उघडलं असतं तर? सगळ्या गल्लीनं माझ्या पोरीला पांढऱ्या पायाची ठरवलं असतं. हिनं आल्या आल्या बहिणीला खाल्लं, असं म्हणायला लोकांना कितीसा वेळ लागतो? अक्कांनी ते "पोचलं" कुणासाठी म्हटलं होतं हे मला तेव्हा लख्ख समजलं. आणि एरवी मिनिटभर गप्प न बसणारी मी, गप्प बसले.

पुढची दोन-तीन वर्षं मी अक्कांना भीत होते. त्यांनी भिण्यासारखं काही केलं नाही, हेच जास्त भयंकर होतं. विमलला त्या न्हाऊ घालायच्या, तिची वेणी घालायच्या, आणि मी काही ना काही निमित्त काढून तिथंच घुटमळायची. कधी त्या विमलकडे टक लावून बघत बसल्या की मी तिला हाक मारून जवळ बोलवायची. एकदा त्यांनी कुसुमचा हिरवा खणाचा परकर दुमडून शिवून विमलला घातला. घेर फार आहे, पायात येतो, असं म्हणून मी तो काढला, धुऊन घडी करून त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी घडी घेतली, हातानं एकदा साफ केली आणि ट्रंकेत ठेवून दिली. आणखी एक होतं. दर शुक्रवारी त्या देवीला मुकं पाणी घालायला जायच्या. घरात आजार नाही, नवस नाही, आणि तरी ओलेत्यानं, न बोलता. घरच्यांना वाटायचं त्या आपल्या धाकट्या मुलासाठी, दत्तूसाठी जातात. मला वाटायचं, त्या दिवशी मोडलं ते जोडायला जातात. आणि जोडायचं म्हणजे काय करायचं असेल, या विचारानं मला शुक्रवारी जेवण जायचं नाही.

विमल तीन वर्षांची झाली त्या उन्हाळ्यात बेलापूरकडे देवी आल्याचं कानावर येऊ लागलं. नगरात अजून काही नव्हतं. दवाखान्यात लहान मुलांना टोचायचे, दवंडीसुद्धा पिटली गेली. पण सासूबाईंना टोचणं म्हणजे देवीला डिवचणं वाटायचं आणि त्यांच्यापुढे मुलांची काय, त्यांच्या बापांचीही मात्रा चालत नव्हती. कुसुमलाही त्यांनी टोचू दिलं नव्हतं. तो शुक्रवार होता. मी नळावरून धुणं घेऊन आले तर विमल घरात नाही. सासूबाई तांदूळ निवडत म्हणाल्या, थोरली घेऊन गेली तिला देवळात, मघाशीच.

धुणं हातातून पडलं. अनवाणी धावले मी. कापड बाजारातून, टांग्यांच्या चाकांमधून, कुणाच्या पाटीला धडकत. मनियार चाचांनी मला पाहिलं आणि विचारायच्या आधीच देवळाकडे बोट केलं. वाटेत माझ्या मनात आलं ते लिहिताना आजही हात अडखळतो. मला वाटलं, अक्कांनी देवीला आपली पोर दिली, आता माझी द्यायला नेली... गाभाऱ्यात वाकले तर विमल देवीच्या पायावर आडवी आणि टाहो फोडून रडतेय. तिच्या खाली तो हिरवा परकर अंथरलेला. अक्का तांब्या धरून उभ्या. मी पोर उचलली आणि बाहेर येऊन पायरीवर उभी राहून ओरडले. तुमची गेली म्हणून माझी वाहायला आणलीत का, असं म्हटलं मी. भर बाजारात. तांबटाची ठोकठोक थांबली. दोन्ही दुकानांतली माणसं बघायला लागली.

अक्का माझ्याकडे बघत राहिल्या. एक अक्षर नाही. त्यांनी परकर उचलून झटकला, खांद्यावर टाकला आणि चालू लागल्या. या वेळी मी पुढे आणि त्या मागे. पोर हुंदके देत होती आणि तिच्या दंडाला चिंधी बांधलेली होती. चालता चालता मी ती सोडली, तर कातडीवर दोन ठिकाणी ओरखडे, रक्ताचे ठिपके. ते पाहून मी आणखी काय काय बोलले, आठवत नाही. आठवत नाही असं म्हणते, पण आठवतं. अक्का सबंध बाजार ते ऐकत आल्या. दारात सासूबाईंनी विचारलं, पाणी पोचलं का? "पोचलं," अक्का म्हणाल्या. मग आत्याबाई, म्हणजे सासूबाई, आत वळल्यावर माझ्या जवळ येऊन हळूच म्हणाल्या, "आधी मुक्यानंच दवाखान्यात नेलं हुतं. टोचून आणलं. मग तिचं राहिलं हुतं ते पायावर घातलं. आत्याबाईंना सांगू नगंस." आणि माझ्या हातातली चिंधी घेऊन विमलच्या दंडाला नीट बांधली.

विमलला दोन दिवसांनी ताप भरला, दंड सुजला. सासूबाईंना आम्ही सांगितलं की गळू झालंय. मी एक बोलायची, अक्का दुसरं जोडायच्या. आयुष्यात पहिल्यांदा आम्ही दोघी मिळून खोटं बोललो आणि पहिल्यांदाच एका ताटात जेवलो. पण मी त्यांची माफी मागितली नाही. जावाजावांत माफी मागायची रीत नसते, अशी मी माझी समजूत घातली. खरी गोष्ट अशी, की माफी मागायची तर दोन्ही दिवसांची मागावी लागली असती, आणि पहिल्या दिवसाचं नाव काढायचा मला धीर नव्हता. त्या साली नगरात देवी आल्या. गल्लीतल्या दोन घरांना लिंब लागला. आमच्या दाराला लागला नाही.

सासूबाई गेल्यानंतर शुक्रवारी दारात उभं राहायचं काम माझ्याकडे आलं. कोल्हारला राहायला जाईपर्यंत किती शुक्रवार मी त्यांना विचारलं असेल, पाणी पोचलं का? दर वेळी वाटायचं, आज म्हणतील, नाही पोचलं. दर वेळी त्या म्हणायच्या, पोचलं, आणि तांब्या स्वयंपाकघरातल्या कोनाड्यात पालथा घालायच्या. शेवटच्या भेटीत त्या अंथरुणालाच होत्या. मी पाय चेपत होते. एवढ्या वर्षांनी कसा कोण जाणे, शब्द फुटला. विचारलं, अक्का, त्या दिवशी बोललात त्याचा पस्तावा झाला का कधी?

"रोज व्हायचा," त्या म्हणाल्या. "विमल साळंतनं आली का जायचा."

मग त्यांनी ते कबूल करून घेतलं. तिला सांग, मागनं सांग. कुसू व्हती हे कुणाला तरी ठावं पायजे.

तेरावा झाला. नंतरचा शुक्रवार उजाडला, तेव्हा मी अजून काही बोललेले नव्हते. विमल पन्नाशीकडे झुकलेली, नातवंडं व्हायला आलेली बाई. ती सकाळी न्हाली आणि कोनाड्यातला तांब्या घेऊन निघाली. मोठ्या आईचा एक तरी शुक्रवार करते, म्हणून तिनं आदल्या दिवशी सांगितलं होतं. मी म्हटलं, मीही येते. आणि त्या रस्त्यात मी तिला सगळं सांगितलं. स्कूटरचे कर्णे, हातगाड्या, दुकानांतले रेडिओ, आणि त्यातून मी बोलत होते आणि ती ओलेत्यानं माझ्या शेजारून चालत होती. तीच वेळ मी निवडली, कारण तिला बोलता येणार नव्हतं. इतकी मी भित्री. कुसुम, ओल्या पायऱ्या, "जा माघारी", दारातलं "पोचलं", आणि मी भर बाजारात अक्कांना काय म्हटलं ते शब्द न शब्द. तिच्या तोंडाकडे मी पाहिलं नाही. तिच्या ओल्या पोलक्याच्या बाहीखाली त्या दोन गोल खुणा दिसत होत्या, नाण्याएवढ्या. त्यांच्याकडे बघत बोलत होते. देवळात तिनं पाणी घातलं, तळाशी थोडं राखलं आणि बराच वेळ वाकूनच राहिली.

परतताना मी पुढे निघाले. दारात कुणीतरी हवं असतं. उंबऱ्यात उभी राहिले आणि गल्लीच्या तोंडाशी तिला येताना पाहिलं. झपझप चालते ती, अक्कांसारखीच, माझ्यासारखी नाही. समोर येऊन उभी राहिली. मी विचारल्याशिवाय तिला बोलता येत नव्हतं, आणि विचारलं की ती बोलणार होती. आयुष्यभर बडबड केलेली मी, तीन शब्दांसाठी किती वेळ उभी होते कुणास ठाऊक. तिच्या केसांतून पाणी उंबऱ्यावर ठिबकत होतं. शेवटी विचारलं.

"पाणी पोचलं का?"

"पोचलं," विमल म्हणाली. मग माझ्याकडे बघत म्हणाली, "त्या दिवशीचंपण."

तळाशी राखलेलं पाणी तिनं ओंजळीत घेऊन माझ्या डोक्यावर शिंपडलं, आत गेली आणि तांब्या अक्कांच्या कोनाड्यात पालथा घातला.